सव्विसाव्या पानावरच्या तीन ओळी

माझ्या मामाला कोर्टाच्या आवारात सगळे ‘ऐसपैस’ म्हणतात. माणूस पाहिला तर हे नाव पटणार नाही. जोरात शिंकलं तर उडून जाईल अशी अंगकाठी, आणि खुर्चीवर बसतो तोसुद्धा कडेकडेने, जणू उरलेल्या जागेवर दुसरं कुणीतरी येऊन बसणार आहे. नाव पडलं ते त्याच्या टायपिंगमुळे. तो हे काम शिकला ते पानावर मजुरी ठरायची त्या काळात. त्यामुळे डावीकडे तीन बोटं समास, दोन ओळींच्या मधून उंदीर पळेल एवढी वाट, परिच्छेद सुरू करायचा तो अर्धी ओळ सोडून. बारा पानांचा मजकूर त्याच्या हातून गेला की अठरा पानांचा होऊन निघायचा. वकील खूश, अशील त्याहून खूश. अशिलाला वाचता येत नाही असं नाही, पण त्याला हाताला वजन लागतं. जाड फाईल म्हणजे दणकट केस, हा हिशोब त्याला कुणी शिकवावा लागत नाही.

मामा एकाच वकीलसाहेबांकडे अठ्ठावीस वर्षं होता. दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, एकच खिडकी, तीही शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडणारी. वकीलसाहेब येरझाऱ्या घालत सांगायचे आणि मामा बडवायचा. आधी मशीन, मग कॉम्प्युटर. त्याचं एक तत्त्व होतं: टायपिंग करणाऱ्याने वाचायचं नाही. “वाचलं की हात अडतो,” तो म्हणायचा. लोकांच्या भिंती, बांध, भावाभावांची भांडणं, नवराबायकोंचे काडीमोड, सगळं त्याच्या बोटांखालून गेलं. पण कशात काय होतं असं विचारलं तर उत्तर ठरलेलं. “सदतीस पानं.”

माझं कोर्टाच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे मामाची पानं मी रोज मोजतो. म्हणून पुढचं जे झालं त्यात माझाही हात आहे. तेही सांगणार आहे, पळून कुठे जाणार?

झालं असं की नव्या न्यायाधीशबाई आल्या आणि आठवड्याभरात फलकावर नोटीस लागली. दिवाणी दाव्यात लेखी युक्तिवाद पंचवीस पानांच्या आत. अक्षर अमुक आकाराचं, समास दीड इंच, ओळींतलं अंतर इतकं. आणि सगळ्यात खाली चौथं कलम: युक्तिवादाच्या शेवटी मुद्द्यांची क्रमवार यादी द्यावी, यादीत नसलेला मुद्दा पक्षकाराने सोडून दिला असं धरलं जाईल.

आवारात हाहाकार. एक जुने वकील म्हणाले, “पंचवीस पानांत माझी प्रस्तावनाही मावत नाही.” कुणीतरी मामाला डिवचलं, “काय ऐसपैस, आता वन रूम किचनमध्ये संसार!” मामा मात्र नोटिशीसमोर चष्मा वर करून, खाली करून उभा होता. मला वाटलं वाचतोय. “बघ,” तो म्हणाला, “दुसऱ्याला दीड इंच सांगतात आणि ह्यांचा स्वतःचा समास सव्वा आहे. तोही तिरका.” चौथ्या कलमापर्यंत तो पोचलाच नाही. त्याने नोटीस पाहिली, वाचली नाही. अठ्ठावीस वर्षांची सवय.

पहिल्या महिन्यात त्याने आपली कला उलटी चालवली. समास केसभर कमी, अंतर केसभर कमी; सव्वीस पानं पंचविसात गपगार बसायची. पण कागद दाखल करून घेणाऱ्या खिडकीत बसलेला क्लार्क त्याच्यापेक्षा वस्ताद निघाला. तिसऱ्याच वेळी त्याने खणातून लाकडी फूटपट्टी काढली आणि समासाला लावली. तेव्हापासून त्याचं नाव फूटपट्टी, आणि प्रत्येक कागदाला पट्टी लागू लागली. बाकीचे टायपिस्ट मामाला शिव्या घालायचे. “तुमच्या हुशारीपायी आमची मापं निघतात हो!”

आता माझ्या मावशीचं. मावशी म्हणजे मामाची सगळ्यात धाकटी बहीण, शिवणकाम करणारी. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. सासरच्या घरात तिच्याकडे दोन खोल्या: पुढची रस्त्यावरची, जिथे गिऱ्हाईक येतं, आणि मागची, जिथे मशीन, कापडं, पलंग, गॅस आणि ती स्वतः. मागची खोली मूळ घरातली नव्हे. भावाभावांची वाटणी झाल्यावर तिने आणि नवऱ्याने मागच्या मोकळ्या जागेत बांधलेली. भिंतीचा अर्धा गिलावा मावशीने स्वतः थापलेला आहे, आणि हाताचे पंजे अजून दिसतात.

दिराने दावा लावला की दोन्ही खोल्या त्याच्या. माणूस वाईट नव्हता असं मावशीच म्हणते. “वाईट नाहीत रे ते. फक्त त्यांना सगळं हवंय.” पुढच्या खोलीबद्दल वकीलसाहेबांना फार आशा नव्हती, त्याचे कागद दिराच्या बाजूने बोलत होते. पण मागची? तिच्या बांधकामाची परवानगी मावशीच्या नवऱ्याच्या नावावर होती. वकीलसाहेब म्हणाले, “पुढची गेली तर गेली. मागची मी जाऊ देणार नाही. ऐसपैसच्या बहिणीची केस आहे, घरचं काम आहे.” मागची गेली असती तर मावशी मशीन डोक्यावर घेऊन कुठे जाणार? मामाच्या घरात आम्ही पाच जण आधीच कूस बदलायची तर एकमेकांना विचारून बदलतो.

युक्तिवाद दाखल करायचा शेवटचा दिवस होता. वकीलसाहेबांनी सकाळी एकदा पानं चाळली, प्रत्येक पानाच्या तळाशी तारखेसह सही केली आणि वरच्या कोर्टात दुसऱ्या केसला निघून गेले. मामाने तिन्ही प्रतींना माझ्याकडे पिना मारून घेतल्या आणि चार वाजता खिडकीवर गेला. दहा मिनिटांत परत.

“सव्वीस झाली रे.”

“मोजली नव्हतीस?”

“मोजली होती. पण वकीलसाहेबांनी काल संध्याकाळी एक परिच्छेद वाढवला. त्याने तीन ओळी खाली ढकलल्या. तीन ओळी! आख्खं पान कोरं, वर फक्त तीन ओळी. फूटपट्टी म्हणतो, तीन असो की तीस, पान ते पान.”

साडेचारला खिडकी बंद. मजकूर बदलायचा तर पुढच्या सगळ्या पानांवर पुन्हा सह्या हव्यात, आणि वकीलसाहेब वरच्या कोर्टात उभे, आत शिरायची सोय नाही. मामाने सव्विसावं पान उचलून धरलं. मुद्द्यांच्या यादीतला शेवटचा, सातवा. मागची खोली मूळ घराचा भाग नाही, वाटणीनंतर बांधली, परवानगीचा कागद निशाणी सत्तेचाळीस.

“हे नवव्या पानावर आलंय,” मामा म्हणाला. “अक्षर न अक्षर. मी कालच बडवलंय, बोटांना आठवतंय.”

आणि मी, कुणी विचारलं नसताना, म्हणालो, “मग दोनदा कशाला? जे दोनदा आलंय ते काढ.”

नवव्या पानावर होती ती हकीकत. यादीतला होता तो मुद्दा. हे मला आज कळतं. त्या वेळी मला घड्याळ दिसत होतं, आणि मामाला पानं. त्याने तिन्ही प्रतींचं शेवटचं पान हलकेच सोडवलं, मी पुन्हा पिना मारल्या. चार अठ्ठावीसला शिक्का पडला. मामा परत आला तेव्हा घाम पुसत हसत होता. “बसवलं,” म्हणाला. सुटी पानं मी नेहमीप्रमाणे पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात टाकली. तो गठ्ठा दर आठवड्याला मावशीकडे जातो. ती त्याचे गळ्याचे, बाहीचे नमुने कापते.

सुनावणीला आम्ही मागच्या बाकावर बसलो होतो. दिराचे वकील उभे राहिले, दोन-चार वाक्यं इकडची तिकडची बोलले आणि मग अगदी सहज म्हणाले, “मागच्या खोलीचा मुद्दा समोरच्यांनी सोडूनच दिलाय. यादीत नाही.”

वकीलसाहेब हसले. “सातवा पाहा.”

न्यायाधीशबाईंनी पान उलटलं. “सहाच आहेत.”

वकीलसाहेबांनी आपली प्रत उघडली. बोट ठेवून मोजलं. पुन्हा मोजलं. मग त्यांना खोकला आला, चांगला अर्धा मिनिट. निकालाची तारीख पंधरा दिवसांनी पडली.

बाहेर जिन्यात मला वाटलं आता मामाचं काही खरं नाही. पण वकीलसाहेब कठड्याला धरून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “मी सांगितलाच नसेल हो, ऐसपैस. मला वाटत होतं सांगितला. परवा किल्ली विसरलो, त्याआधी साक्षीदाराचं नाव. वडिलांचंही असंच सुरू झालं होतं.”

मामाने तोंड उघडलं. मी पाहिलं, उघडलं. आणि मिटलं.

त्यानंतरचा आठवडा घरात कुणी मेल्यासारखा गेला. मामा जेवायचा नाही, जेवला तर दोनदा वाढून घ्यायचा, आपण जेवलो हेच त्याच्या लक्षात नसायचं. मामी म्हणाली, “ह्यांना झालंय तरी काय? पानं मोजताय का पोळ्या?” ऑफिसमध्ये तर वेगळीच तऱ्हा. वकीलसाहेब आता प्रत्येक वाक्य सांगून झालं की विचारायचे, “हे मी आधी सांगितलं का?” एकदा तर त्यांनी वहीत लिहून ठेवलं, ‘दुपारी औषध घेतलं’, आणि पाच मिनिटांनी ती वही शोधायला लागले. मामा सांगायचा मला हे, दुकानात बाकावर बसून. “माणूस धडधाकट आहे रे. मी त्याला वेडा करतोय.”

“मग सांगून टाक.”

“सांगू? अठ्ठावीस वर्षांत मी त्यांचा एक शब्द बदलला नाही. आता सांगू की पान फाडलं? तेही कुणाचं?”

‘काढ’ म्हणणारा मीच होतो. पण ते त्याने एकदाही काढलं नाही.

शनिवारी मी नवा गठ्ठा घेऊन मावशीकडे गेलो, मामाही आला. मागच्या खोलीत मावशी जमिनीवर बसून कॉलरचा नमुना कापत होती. तोंडात दोन टाचण्या. कात्री अर्धी वळली आणि थांबली. तिने टाचण्या काढल्या.

“दादा.”

“काय गं?”

“ह्याच्यावर सात नंबर आहे.”

तिने कागद उलटा करून पुढे धरला. जवळजवळ कोरं पान, वर तीन ओळी, तळाशी वकीलसाहेबांची सही, आणि सहीचं अर्धं शेपूट कॉलरच्या गोलाईत कापलेलं. मावशीला कोर्टातलं फार कळत नाही, पण न्यायाधीशबाई ‘सहाच आहेत’ म्हणाल्या तेव्हा ती तिथे होती.

मामाने काही लपवलं नाही. चहाचा कप खाली ठेवून सांगितलं सगळं. पान, खिडकी, साडेचार. माझं नाव वगळून. ते मग मीच घातलं.

मावशीने कात्री खाली ठेवली. मग म्हणाली, “किती ओळी?”

“तीन.”

“बत्तीस वर्षं ह्या घरात काढली मी. तीन ओळींत बसली होती होय?” तिने भिंतीकडे पाहिलं, त्या पंज्यांकडे. “आणि त्याही जास्त झाल्या.”

“धाकटे, मी...”

“तू काय? लहानपणी माझ्या फ्रॉकला दोरी म्हणून माझीच रिबीन लावायचास. तेव्हाही म्हणायचास, बसवलं.” ती हसली नाही. “साहेबांना सांगितलंस?”

“नाही.”

“म्हणजे ते बिचारे स्वतःला खुळे समजून फिरतायत. आणि तू इथे माझ्या घरात बसून चहा पितोयस.” तिने त्याच्या पुढ्यातला कप उचलला आणि मोरीत ओतला. “ऊठ. हे घेऊन जा. घडी घालू नकोस, सही मोडेल.”

सोमवारी सकाळी मामाने तो कॉलरच्या आकाराचा कागद वकीलसाहेबांच्या टेबलावर ठेवला. मी दारात होतो. वकीलसाहेबांनी तीन ओळी वाचल्या, सही पाहिली, आणि पहिलं वाक्य जे बोलले ते असं: “म्हणजे मी सांगितला होता!” त्यांचे डोळे भरून आले. खुर्चीवर बसले, हसले, रुमाल काढला. “सांगितला होता मी! डोकं जागेवर आहे माझं.”

मग त्यांचा चेहरा बदलला. अठ्ठावीस वर्षं ज्याला ‘अहो’ म्हटलं त्याला ते म्हणाले, “आठ दिवस तू हे बघत होतास?”

मामा म्हणाला, “हो.”

एवढंच. मी त्या ‘हो’साठी मामाला बऱ्याच गोष्टी माफ केल्या आहेत.

मग अर्ज करायचा ठरला आणि त्याला मामाचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. वकीलसाहेब सांगायला उठले, येरझाऱ्या सुरू झाल्या, पण दोन फेऱ्या मारून थांबले. “हे मी कसं सांगणार? तुझं तू लिही.” मामाने ‘मी’ असं टाईप केलं आणि तासभर त्याच्याकडे बघत बसला. हजारो लोकांचे ‘मी’ त्याने बडवले होते. शेवटी झालं ते अर्धं पान. उरलेलं अर्धं कोरं. ऐसपैस करायची बुद्धी त्याला झाली नाही.

न्यायाधीशबाईंनी कॉलर हातात घेऊन उलटीसुलटी केली. “हा कागद असा का कापलाय?” वकीलसाहेबांनी सांगितलं. दिराचे वकील उठले, कडक हरकत घेतली. मुदत संपली, टायपिस्टने काहीही करावं आणि कोर्टाने निस्तरावं का, वगैरे. चुकीचं काहीच बोलले नाहीत. बाई बराच वेळ लिहीत होत्या. मग म्हणाल्या, “सही आहे, तारीख आहे. मुद्दा घ्या. पण मर्यादा पंचवीसच. तीन ओळी घालायच्या तर तीन काढा. आणि ह्यापुढे ह्या गृहस्थांनी खिडकीवर कागद आणू नयेत.”

आम्ही व्हरांड्यात बाकावर पंचवीस पानं पसरली. कुठल्या तीन, हे खरं तर पहिल्या मिनिटातच सगळ्यांना कळलं होतं. वकीलसाहेबांच्या प्रत्येक युक्तिवादाची सुरुवात एकाच वाक्याने होते: न्याय हा दिव्यासारखा असून, वगैरे. बरोब्बर तीन ओळी. अठ्ठावीस वर्षं. ते वाक्य मामा झोपेतही टाईप करेल. वकीलसाहेबांनी दुसरीकडे दोन-तीन ठिकाणी पेन नेलं, परत आणलं.

“हे माझ्या गुरूंनी दिलेलं वाक्य आहे,” ते म्हणाले.

मामा जमिनीकडे बघत होता. मावशी बाकाच्या टोकाला, पदर तोंडाशी धरून. ती म्हणाली, “साहेब, राहू द्या हवं तर.” आणि हे ती खरंच म्हणत होती, मला वाटतं तेच त्यांना सोसलं नाही. त्यांनी पेनाने तिन्ही ओळींवर एकच रेघ ओढली, इतकी जोरात की खालच्या पानावर वळ उठला.

निकाल लागला. पुढची खोली दिराची. मागची मावशीची.

मागच्या खोलीला रस्त्याकडे दार नव्हतं, तिचं जाणंयेणं पुढच्या खोलीतूनच होतं. दिराने मधलं दार निकालाच्या दुसऱ्या दिवशी विटांनी बुजवलं. मावशीने मागच्या भिंतीला दार पाडून घेतलं, गटाराकडच्या बोळात उघडणारं. पंज्यांच्या खुणा नेमक्या त्याच भिंतीवर होत्या, दोन उरल्या. जुनी गिऱ्हाईकं निम्मी तुटली. बोळात यायला लोकांना लाज वाटते.

वकीलसाहेबांनी मामाला काढलं नाही. तोच जायचा थांबला. म्हणजे जात राहिला महिनाभर, पण हात चालेनात. त्याला वाचायची खोड लागली. एक ओळ टाईप केली की मागची वाचायची, मग तिच्या मागची. कोण कुणाची भिंत मागतंय, का मागतंय. दिवसाला पाच पानं होईनात. वकीलसाहेब येरझाऱ्या थांबवून वाट बघत राहायचे, आणि तो म्हणायचा, “साहेब, ह्या बाईचं पुढे काय झालं?” शेवटी त्यांनी टायपिंगला एक मुलगी घेतली. चुणचुणीत आहे. वाचत नाही.

नव्या मुलीचे चुकलेले कागदही माझ्याच दुकानात जमतात. शनिवारी मी गठ्ठा घेऊन बोळातल्या दाराने जातो. मामा आधीच येऊन बसलेला असतो, मशीनच्या शेजारी, स्टुलाच्या कडेवर. मावशी वरचा कागद ओढते, कात्री उघडते.

“थांब,” मामा म्हणतो. “वाचू दे.”

“अरे, कचरा आहे तो दादा.”

“असू दे. थांब.”

आणि तो वाचतो, ओठ हलवत, पाठपोट, तळाच्या सहीपर्यंत. मावशी कात्री उघडी धरून बसते. परवा माझ्यासमोर तिने एक बाही कापायला अर्धा तास लावला.